दाराजवळचं बंदुकांचं पिंप

प्रिय वेंडेल,

‘प्रिय’ लिहून झालं आणि पेन तसंच हातात धरून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. इतकी वर्षं नाताळच्या कार्डावर ‘श्री. व सौ. हॅस्किन्स’ लिहायची सवय, अडेल गेल्यापासून नुसतं ‘श्री. हॅस्किन्स’. एकदम ‘प्रिय’ म्हणजे चर्चमध्ये प्रार्थनेच्या मधेच हसू फुटल्यासारखं वाटलं. पण लिहिलं ते लिहिलं. खोडलं असतं तर तू त्या खोडलेल्यावरच चष्मा लावून बसला असतास, मला माहीत आहे.

पत्र कशाला, पुलापलीकडे तर राहतोस, फोन करायचा की, असं म्हणशील. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला धीर होत नाही. शिवाय फोनवर तू सगळ्याला ‘हो हो, बरोबर’ म्हणून मोकळा होतोस, ते या खेपेला मला चालणार नाही. तेव्हा नीट बैस, कॉफी घे आणि सावकाश वाच.

तुझी कोरिन मंगळवारी येऊन गेली. पोरगी गुणी आहे, तुझ्यासारखीच दारात बूट पुसपुस पुसून मग आत आली. ट्रकच्या मागे जुन्या रजयांत गुंडाळलेल्या तुझ्या बंदुका होत्या. दोघींनी मिळून त्या गॅरेजमधल्या लांब टेबलावर आणून ठेवल्या. मग मी तिला अक्रोडाचा केक खायला बसवलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. घर विकलं गेलं. महिनाअखेरीला तू तिच्याबरोबर ॲरिझोनाला चाललास, कायमचा. तिथली हवा कोरडी, गुडघ्यांना चांगली, बर्फ उपसायला नको. ‘डॅड काहीच बोलत नाहीत हो, नुसते बरं म्हणाले,’ म्हणाली. ‘फक्त या बंदुकांचं तेवढं बजावून सांगितलं. लुएलाकडेच ने म्हणाले, दुसऱ्या कुणाकडे नाही. तुम्ही किंमत सांगा मिसेस प्रुइट, गिऱ्हाईक बघा आणि टाका विकून.’ मी म्हटलं, मला आठवडाभर दे. म्हातारीचे हात सावकाश चालतात असं तिला वाटलं असणार. वाटू दे. किंमत सांगायला मला एक दुपार पुष्कळ झाली असती.

किंमत काय, आजकाल वाट्टेल ती येते. फायर स्टेशनच्या हॉलमध्ये बंदुकांचा बाजार भरतो ना, तिथं परवा एक तरुण पोरगा आला. प्रत्येक बंदुकीचा फोनवर फोटो काढत होता आणि इंग्लंडची एन्फिल्ड बंदूक म्हणजे काय ते मलाच समजावून सांगत होता. मीही ऐकून घेतलं, इतकं मनापासून सांगत होता बिचारा. मग मी त्याला म्हटलं, बाळा, या बंदुका माझ्या वडिलांच्या दुकानात दाराजवळच्या पिंपात उभ्या असायच्या, छत्र्या ठेवतात तशा. खाणीत जायचे बूट यांच्यापेक्षा महाग पडायचे. दूध-पावाबरोबर एखादी घेऊन लोक घरी जायचे. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता हा मला खुर्चीवर बसवून पाणी देणार.

खोटं वाटतंच रे. मला स्वतःलाच कधी कधी वाटतं की ते सगळं मी दुपारच्या झोपेत बघितलं असावं. ते पिंप आधी लोणच्याच्या काकड्यांचं होतं, पावसाळी हवेत त्याला अजून व्हिनेगरचा वास यायचा. त्यात तळाला लाकडाचा भुसा आणि भुशात दस्ते रोवून उभ्या अर्ध्या जगाच्या बंदुका. इंग्लंडच्या, स्वीडनच्या, अर्जेंटिनाच्या, फिनलंडमधून फिरून आलेल्या रशियाच्या. दुसरं महायुद्ध संपून वीसेक वर्षं झाली होती, कुणालाच त्या नको होत्या, आणि समुद्र ओलांडून त्या ओहायो नदीकाठच्या आमच्या एवढ्याशा गावात, बियाणं आणि दोरखंड विकणाऱ्या दुकानात येऊन उभ्या राहिल्या होत्या. अंगावर मेणासारखं तपकिरी ग्रीस, बोटभर जाड. आतलं लाकूड कसलं, धातू कसला, काही दिसायचं नाही. समोरच्या खिडकीतून उतरतं ऊन यायचं, ग्रीस थोडं पातळ व्हायचं आणि सगळ्या दुकानात तो वास भरून राहायचा. नदीवर कोळशाच्या पडावांचा भोंगा वाजायचा. अजूनही कुठं ग्रीसचा वास आला की मला आधी तो भोंगा ऐकू येतो.

आणि तू यायचास. शनिवारी औषधाचं दुकान बंद झालं की तसाच, पांढऱ्या शर्टात, अंगाला खोकल्याच्या औषधाचा वास. पहिल्यांदा आलास तेव्हा पिंपातून एक बंदूक उचललीस ती केरसुणीसारखी उलटी. पप्पा स्टोव्हजवळ बसून तंबाखू चघळत होते, म्हणाले, ‘लुएला, जा, त्या साहेबांना तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते दाखव.’ तू कानापर्यंत लाल झालास. मला तर इतकी कीव आली की मी तुला सगळंच शिकवायला घेतलं. स्वीडनची कशी ओळखायची, तर दस्त्यावरची पितळेची चकती ग्रीसमधूनही अंगठ्याला लागते. इंग्लंडच्या बंदुकीच्या बुडाला पितळेचं छोटं झाकण असतं, आत शिपायाची तेलाची बाटली राहते. देश वासावरून कसा ओळखायचा तेही शिकवलं, नळीच्या तोंडाशी नाक नेऊन. ते मी थापा मारत होते, पण तू डोळे मिटून इतक्या श्रद्धेनं वास घ्यायचास की मला खरं सांगवेना. हळूहळू मलाही वास वेगळे येऊ लागले, आता बोल.

त्या दुपारी तू तासन्‌तास एक बंदूक निवडायचास. एक उचलायची, खिडकीशी न्यायची, परत ठेवायची, दुसरी उचलायची. पप्पा एकदा तू गेल्यावर म्हणाले, ‘हा पोरगा बंदूक निवडतोय का बायको?’ मी म्हटलं, पप्पा, त्याला संग्रहाची आवड आहे, तुम्हाला नाही कळायचं. संग्रहाची आवड! हे वाक्य मी किती तोऱ्यात म्हटलं होतं ते आठवून काल गॅरेजमध्ये एकटीच मोठ्यानं हसले.

निवडून झाली की आपण तिच्यासाठी माणूस शोधायचो, आठवतंय? हा खेळ तू काढलास. ही कुणाच्या खांद्यावर होती, तो कसा होता, काय खायचा. नियम एकच, तोही तुझाच, की आपल्या गोष्टीत कुणी मरायचं नाही. बंदूक इथं आली म्हणजे तो तिला ठेवून घरी गेला. पप्पा स्टोव्हजवळून पुटपुटायचे, ‘घरी गेला की वर गेला कुणास ठाऊक,’ आणि तू गंभीरपणे म्हणायचास, ‘नाही मिस्टर ट्रॉयर, घरीच.’ स्वीडनचा नील्स होता, बर्फात पुलावर पहारा करणारा. लढाई त्याच्यापर्यंत आलीच नाही, तो तिथं उभ्या उभ्या मोजे विणायला शिकला. अर्जेंटिनाच्या माणसाला घोडा आवडायचा आणि घोड्याला तो आवडायचा नाही. आणि आल्फ, माझा सगळ्यात लाडका, इंग्लंडचा. त्याला चहात साखर लागायची म्हणून तो बंदुकीच्या बुडातल्या झाकणामागे तेलाच्या बाटलीऐवजी साखर लपवायचा. त्या बंदुकांनी काय काय बघितलं असेल देव जाणे. पण तेवढ्या दुपारपुरते ते सगळे आपापल्या घरी, चुलीजवळ पाय पसरून बसलेले असायचे, आणि आपल्या दोघांना ते अगदी खरं वाटायचं. मला तरी वाटायचं.

मग मी ती बंदूक जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि सुतळीनं बांधायची. पप्पांची दुकानाची गाठ होती, एक झटका दिला की सुटणारी, वर बोट अडकवायला छोटा फास. मी डावखुरी. कितीही शिकवलं तरी माझी गाठ उलटी पडायची आणि अशी आवळून बसायची की ज्याचं नाव ते. गिऱ्हाइकं कुरकुरायची. ‘लुएलानं बांधलेलं असेल तर आधी चाकू घ्या आणि मग जेवायला बसा,’ असं अख्ख्या गावात म्हणायचे. फक्त तू कधी कुरकुरला नाहीस. ‘मला अलगद सुटते,’ म्हणायचास. मला त्याचा काय अभिमान वाटायचा! वाटायचं, केमिस्ट आहे, नाजूक कामाचे हात आहेत, ह्याला सुटणारच.

ग्रीस कसं काढायचं तेही मी तुला दहादा सांगितलं. काळ्या डांबरी कागदात गुंडाळून पत्र्यावर कडक उन्हात ठेवायची, ग्रीस आपण होऊन घाम आल्यासारखं बाहेर येतं. नळीत नरसाळ्यानं उकळतं पाणी ओतायचं. लाकूड रॉकेलच्या फडक्यानं पुसायचं आणि मग जवसाचं तेल, तळहातानं, लाकूड कोमट होईपर्यंत. पुढच्या शनिवारी येऊन तू सांगायचास, नील्सचं लाकूड कसं कडक चहाच्या रंगाचं निघालं, अर्जेंटिनाच्या नळीत आरशासारखं तोंड दिसतं. आणि एकदा तर चेहरा अगदी सरळ ठेवून म्हणालास, ‘लुएला, आल्फच्या बंदुकीचं झाकण उघडलं. आत साखरेचे दोन दाणे होते.’ माझ्या डोळ्यात पाणी आलं रे. त्या रात्री मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, मुंग्या नाही लागल्या का? पण मी तिचं ऐकलं नाही. माझा विश्वास बसला होता.

मग अडुसष्ट साल आलं. त्या वर्षी देशात कशी मोठमोठी माणसं बंदुकीच्या गोळीनं गेली ते तुला सांगायला नको. वॉशिंग्टनहून नवा कायदा आला आणि परदेशचा जुना लष्करी माल यायचा बंद झाला. पिंप रिकामं होत गेलं. शेवटच्या शनिवारी तू आलास, पिंपात वाकून बघितलंस, तळाला नुसता भुसा. पप्पांना विचारलंस नवा माल कधी येईल, ते म्हणाले आता कधीच नाही. तू बराच वेळ तिथं उभा होतास. मी काउंटरमागे सुतळीचा गुंडा हातात धरून उभी. मग तू एक बिजागरी विकत घेतलीस. एकच! त्याच्या पुढच्या शनिवारी उंदराचा पिंजरा घेतलास. त्यानंतर आलाच नाहीस. मी पुष्कळ शनिवार दुकानाच्या दाराकडे बघत काढले आणि मग स्वतःला सांगितलं, बाई ग, त्याला बंदुका हव्या होत्या, त्या संपल्या. पप्पांनी ते पिंप तोडून स्टोव्हमध्ये घातलं, तेव्हा मी मागच्या गोदामात जाऊन पोटभर रडले. ग्रीस मुरलेलं लाकूड, इतकं भडाभडा जळलं.

पुढच्या वर्षी क्लेटन लष्करातून परत आला. खिळे घ्यायला म्हणून आला आणि महिन्याच्या आत काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, ‘लुएला ट्रॉयर, मला खिळ्यांची अजिबात गरज नाही.’ त्याचं सगळं असंच असायचं. संसार आमचा चांगला झाला, वेंडेल. हे मी तुला अगदी स्पष्ट सांगते, कारण पुढचं वाचताना तुला भलतंच वाटू नये. मी त्यातला एक दिवसही परत देणार नाही.

आणि मग पंधरा-सोळा वर्षांनी कायदा पुन्हा सैल झाला, नि पिंपाऐवजी खोकी यायला लागली. काय दिवस होते ते! परवान्याचा कागद एकदा करून घेतला की पार्सलवाल्यांची तपकिरी गाडी बंदूक दारात आणून टाकायची. क्लेटन आणि त्याचे दोस्त आमच्या गॅरेजमध्ये जमायचे, खोक्याचे खिळे उपसायचे आणि आत डोकं घालून लहान मुलांसारखे ओरडायचे. ग्रीस कोपरापर्यंत. कॉफीच्या कपावर ग्रीस, डोनटवर ग्रीस. एकदा पाऊस लागला, ऊन नाही, म्हणून क्लेटननं एका चिनी बंदुकीचा ग्रीसनं माखलेला लाकडी दस्ता माझ्या ओव्हनमध्ये ठेवला, मला न विचारता! त्या नाताळची टर्की अख्ख्या घराला चीनच्या लष्कराची लागली. मी महिनाभर त्याच्याशी धड बोलले नाही आणि तो महिनाभर मला हसवत राहिला. स्वस्ताई होती, माणसं होती, शनिवार मोठे होते. कुणी त्यात पैसा गुंतवत नव्हतं. संध्याकाळी सगळे आपापलं पोरगं मिरवल्यासारखे आपापली साफ केलेली बंदूक उजेडात धरून बसायचे आणि लाकडावर कुणा शिपायानं कोरलेलं नाव सापडलं की सगळे वाकून ते वाचायचे. मी म्हणायचे, तो घरी गेला. क्लेटन म्हणायचा, तुला काय माहीत? मी म्हणायचे, मला माहीत आहे.

तू एकदा फायर स्टेशनच्या त्या बाजारात आला होतास, क्लेटन आणि मी बंदुका विकायला टेबल लावायचो तिथं. अडेल पलीकडे गोधड्या बघत होती. तू एक स्वीडिश उचललीस, नळीच्या तोंडाशी नाक नेऊन डोळे मिटलेस आणि परत ठेवलीस. क्लेटन हसून म्हणाला, ‘घ्या हो, हॅस्किन्स, पुन्हा एवढ्यात मिळायची नाही.’ तू नको म्हणालास. मी कुणा गिऱ्हाइकाची बंदूक बांधत होते, तू माझ्या हातांकडे बघत उभा राहिलास आणि म्हणालास, ‘गाठ अजून तशीच मारतेस.’ एवढंच. आणि गेलास. तू गेल्यावर क्लेटन म्हणाला, ‘हा म्हणे मोठा संग्राहक. लुएला, त्या माणसाच्या नखात कधी मळ बघितलास का ग? ग्रीस काढलेल्या माणसाची नखं आठवडाभर तपकिरी असतात.’ मी फणकाऱ्यानं म्हटलं, ते हातमोजे घालत असतील, सगळे तुझ्यासारखे डुकरागत लोळत नाहीत. तो नुसता हसला आणि दोन कॉफी आणायला गेला. तुझी बाजू घेऊन मी नवऱ्याशी भांडले ते एकदाच.

आता क्लेटन नाही, तुझी अडेल नाही, पप्पा तर कधीचेच नाहीत. बाजारात टेबल मी अजून लावते, सवय म्हणून. गॅरेजमध्ये एक हीटर, एक रेडिओ आणि मी.

तर मंगळवारी कोरिन गेली आणि मी तुझ्या बंदुका उघडायला घेतल्या. चष्मा पुसला, दिवा जवळ ओढला, मनात म्हटलं, चला, आता चहाच्या रंगाचा नील्स बघू. वरची रजई काढली. आत वर्तमानपत्र. म्हटलं, जपून ठेवलंय. मग सुतळी दिसली, तपकिरी, वाळून कडक झालेली. आणि सुतळीवर गाठ, उलटी, आवळून बसलेली, वर बोटापुरता फास.

मी दुसरी उघडली, तिसरी उघडली. एकेक करून सगळ्या रजया बाजूला केल्या, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. सगळ्यांवर माझी गाठ. एकही कापलेली नाही, एकही सुटलेली नाही. मी वीस-बावीस वर्षांची असताना आवळलेली, जशीच्या तशी. खुर्ची ओढून बसले.

अरे लबाडा! अरे पांढऱ्या शर्टातल्या लबाडा! चहाच्या रंगाचं लाकूड! नळीत आरसा! एकीच्या बुडाशी कागद कुजून फाटला होता, तिथून पितळेचं झाकण दिसत होतं, म्हणजे तो आल्फ. झाकणाच्या फटीत ग्रीस दगडासारखं बसलंय, ते झाकण इंग्लंड सोडल्यापासून कुणी उघडलेलं नाही. साखरेचे दोन दाणे! चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसणारा माणूस, गावाला औषधं देणारा माणूस, आणि दर शनिवारी माझ्या तोंडावर इतकं सुरेख खोटं. मी हसत होते आणि रडत होते आणि रेडिओवर हवामान सांगत होते. तुला बंदुकांचं काही म्हणजे काहीच नव्हतं. पप्पांना पहिल्या महिन्यात कळलं, क्लेटनला नखं बघून कळलं. अडेलनं या बंदुकांचा माळ्यावरचा पेटारा कधी कुणाला हलवू दिला नाही असं कोरिन म्हणाली, म्हणजे तिलाही कळलं असेल आणि तरी तिनं तो राहू दिला, देव तिचं भलं करो. सगळ्या गावात कळलं नाही ते मला एकटीला, आणि बंदुकांची जाणकार म्हणून लोक माझ्याकडे येतात!

मी खूप विचार केला, साफ नव्हती करायची तरी निदान उघडून बघायची. मग लक्षात आलं, उघडायची म्हणजे माझ्या हातची गाठ कापायला लागली असती. आणि पिंपाशी तू त्या दिवशी इतका वेळ उभा होतास, त्यात तू बोलला असतास, तर मी हो म्हटलं असतं. हे तुला माहीत नसेल तर आता माहीत असू दे. बोलला नाहीस. आयुष्यभर बोलला नाहीस आणि आता जाता जाता लेकीच्या हाती सगळं माझ्या टेबलावर पाठवून दिलंस, लुएलाकडेच ने म्हणून. मला कळेल हे तुला ठाऊक होतं. यालाच तुझ्याकडे बोलणं म्हणत असतील.

तर हे माझं उत्तर, आणि त्यासाठीच हे पत्र. बंदुका मी विकणार नाही. तू शनिवारी इकडे ये, दुकान बंद करून यायचास त्याच वेळेला. नरसाळं सापडलंय, पातेलं मोठं आहे, जवसाचं तेल नवीन आणलंय. पहिल्यांदा आल्फ, साखर आहे का बघू. आणि एका शनिवारी एकच. माझ्याच्यानं आता दोन होत नाहीत, आणि प्रत्येकाची गोष्ट पुन्हा नीट आठवावी लागेल. टेबल लांब आहे, वेंडेल, टोकापर्यंत भरलंय, तेव्हा कोरिनला सांग, तिकिटाचं इतक्यात काही बघू नकोस, डॅडना इथं काम आहे. घर विकलं तर विकलं, आमच्या इथली वरची खोली नुसती झाडून ठेवायची म्हणून मी झाडत असते. ॲरिझोनात ऊन चांगलं आहे म्हणतात, ग्रीस झटकन वितळेल, पण तिथं तुला शिकवणार कोण? गाठींना मी हात लावलेला नाही, चाकूही देणार नाही. अलगद सुटते म्हणायचास ना, आता माझ्यासमोर सोडून दाखव. आणि हे बघ, पांढरा शर्ट घालून येऊ नकोस.

तुझीच (लिहिलं, आणि हेही खोडणार नाही),
लुएला